घरचा पाव आणि वर्ध्याचे जाते

पिकून काळवंडलेल्या केळ्यांचे करावे काय, हा प्रश्न ज्या स्वयंपाकघरात कधी पडला नाही असे घर विरळाच. आपल्या आजीने त्यांचे शिकरण केले, आईने गुलगुले तळले, आणि आता सुना-नाती त्याच केळ्यांचा पाव भाजू लागल्या आहेत. २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत माणसे घरात कोंडली गेली, तेव्हा जगभरच्या घरांतून हा पाव अचानक भाजला जाऊ लागला. त्याला यीस्ट लागत नाही, तासन् तास मळणे लागत नाही, भट्टीवाल्याची विद्या लागत नाही. एक भांडे, एक चमचा आणि थोडा धीर एवढ्यावर तो होतो. शिवाय तो एकट्याने खाण्याचा पदार्थच नव्हे. त्याचे काप पडतात ते कोणाच्या तरी हातावर ठेवण्यासाठीच.

एवढ्या साध्या पदार्थाला इतिहास तो काय असणार, असे वाचकांस वाटेल. परंतु पाव हा आपल्या समाजाच्या दृष्टीने कधीच साधा पदार्थ नव्हता. कोणी भाजलेला, कोणी खाल्लेला आणि कोणाला दिलेला पाव, यावरून महाराष्ट्रात माणसे जातीबाहेर गेली आहेत. घरच्या पावाचा इतिहास सांगताना आम्ही वाचकांस वर्धा जिल्ह्यात नेणार आहोत, याचेही काहींना नवल वाटेल. वर्धा म्हटले की महात्मा गांधी, विनोबा आणि खादी आठवते. पाव आठवत नाही. तथापि दळावे कोणी, भाजावे कोणी आणि जेवावे कोणाबरोबर, या तीन प्रश्नांचा जितका गंभीर विचार विसाव्या शतकात वर्ध्याला झाला तितका आपल्या देशात क्वचितच कोठे झाला असेल. त्या विचारात एका ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा होता.

बाटवणारा पाव

'पाव' हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. त्यांच्या भाषेतील 'पांव' आपल्या तोंडी 'पाव' झाला. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत गव्हाचा फुगवलेला पाव रुजला. यीस्टच्या ऐवजी आंबवणासाठी माडाची सूर वापरण्याची युक्ती गोव्याच्या पोदेरांनी साधली, आणि पहाटे पावाची टोपली घेऊन फिरणारा पोदेर हा तेथील गावगाड्याचा एक घटक होऊन बसला.

पोर्तुगीज मुलखाच्या सीमेपलीकडे मात्र हाच पाव भयाचा विषय झाला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी गाव प्याले आणि सारे गाव बाटले, अशा कथा कोकणपट्टीत पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील प्रत्येक कथेची छाननी करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली समजूत खरोखरच समाजात होती: परक्याच्या हातचा घास पोटात गेला की माणूस परका होतो.

ही समजूत केवळ खेडवळांची होती असे मानू नये. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातील नामवंत जमले. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी मान राखण्यापुरता पेल्याला हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात मोठा गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्कार पडले, प्रायश्चित्ते झाली. बिस्किट हा पावाचाच धाकटा भाऊ. त्याच्या एका तुकड्याने महाराष्ट्रातील अग्रगण्य पुरुषांना दोन वर्षे हैराण केले.

या पार्श्वभूमीवर मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी जो शब्द निवडला तो लक्षात घेण्यासारखा आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची 'भाकर' मागतो. पाच हजारांना पुरली ती त्या मुलाजवळची जवाची भाकर होती. प्रभू स्वतःला म्हणवतो तीही जीवनाची भाकरच. जो पाव ओळखीचा नव्हता, किंवा होता तो भीतीचा होता, त्याच्या जागी चुलीवरची भाकर आली आणि शुभवर्तमान घरात शिरले. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या वऱ्हाड-वर्ध्याच्या माणसाला याहून जवळचा शब्द मिळाला नसता.

केळे: नंदनवनापासून सेलूपर्यंत

पावाला जितके परकेपण चिकटले तितके केळ्याला कधीच चिकटले नाही. केळे आपलेच. लग्नमंडपाच्या दारात केळीचे खांब, पंगतीत केळीचे पान आणि ओटीत केळे. उलट युरोपियनांनाच या फळाचे कौतुक. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्यांनी केळ्याचे वर्णन 'भारतातील अंजीर' म्हणून केले आहे. एदेन बागेतील निषिद्ध फळ म्हणजे केळेच असावे, असा एक समज त्या काळी ख्रिस्ती जगात होता. त्याची खूण शास्त्रातही उरली आहे: अठराव्या शतकात लिनियसने केळीला जे नाव दिले त्याचा अर्थ 'नंदनवनाची केळी' असा होतो.

आपल्या वसईकर बांधवांना केळे टिकवण्याची कला फार पूर्वीपासून साधली आहे. आगाशीच्या परिसरात राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी, आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधलेल्या त्यांच्या पुड्या, हा तेथील घरांचा अभिमानाचा विषय आहे. वर्धा जिल्ह्यातही केळ्याची परंपरा होती. सेलू तालुक्यातील केळीच्या बागा एके काळी नावाजलेल्या होत्या. पुढे पाण्याची ओढ आणि पिकाचा खर्च यांमुळे त्या विरळ होत गेल्या. महाराष्ट्रात पुष्कळ काळ लावली गेलेली बसराई ही ठेंगणी जात केळ्याच्या पावाला फार चांगली, कारण ती पिकल्यावर मऊ आणि भरपूर गोड होते.

पिकताना केळ्यात घडते तरी काय? कच्च्या केळ्यात पिष्ट भरलेले असते. फळ पिकू लागले की त्यातील पाचक द्रव्ये या पिष्टाची साखर करतात. सालीवर काळे ठिपके दाटले की बहुतेक पिष्ट साखरेत उतरले असे समजावे. म्हणून जे केळे पाहुण्यापुढे ठेवण्याची लाज वाटते तेच पावासाठी सर्वांत गुणाचे असते.

या गुणाचा पाव करण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. तेथे एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी पोहोचली, आणि यीस्टशिवाय झटपट फुगणारे पाव होऊ लागले. आंबट पदार्थाशी सोड्याचा संयोग झाला की कर्बवायूचे बुडबुडे सुटतात आणि पीठ हलके होते, इतकेच त्याचे रहस्य. आगगाड्या आणि शीतगृहे असलेल्या बोटींमुळे केळीही तेथे स्वस्त झाली. १९२९ नंतरच्या महामंदीत मात्र घरोघरच्या गृहिणींना एक केळे फेकणेही जड वाटू लागले. १९३० नंतरच्या दशकात तेथील पाककृतींच्या पुस्तकांतून केळ्याचा पाव सर्रास दिसू लागतो तो या पार्श्वभूमीवर. हा चोचल्यांचा पदार्थ नव्हे. गरजेतून आणि अन्न वाया घालवायचे नाही या निश्चयातून तो घराघरांत स्थिरावला.

जोहान्सबर्गचे जाते आणि मरियनहिलचे अन्न

नेमक्या त्याच दशकात वर्ध्यालाही अन्नाचा आणि उधळपट्टीचा विचार चालू होता. त्याची मुळे मात्र दक्षिण आफ्रिकेत आहेत.

जोहान्सबर्गच्या आपल्या घरात गांधीजींनी बेकरीचा पाव बंद केला, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. लुई कुने या जर्मन निसर्गोपचारकाच्या कृतीप्रमाणे न फुगवलेला, सालासकट पिठाचा पाव घरी भाजला जाऊ लागला. गिरणीचे पीठ त्याला चालेना, म्हणून त्यांनी सात पौंडांना एक हातजाते विकत घेतले. त्याचे लोखंडी चाक एकट्याने ओढवत नसे. ते गांधीजी, त्यांचे सहकारी हेन्री पोलाक आणि मुले मिळून ओढीत. कस्तुरबाही अधूनमधून हात लावीत. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसणे हे शतकानुशतके बाईच्याच नशिबी आले. जात्याचे गुणगान करणाऱ्यांनी हे विसरू नये. जोहान्सबर्गच्या त्या घरात बॅरिस्टर स्वतः जाते ओढीत होता, म्हणूनच त्या जात्याला नैतिक वजन आले.

१९१० साली हरमन कॅलनबाख यांच्या जमिनीवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी तेथे एकच स्वयंपाकघर आणि एकच पंगत होती. हातजात्यावरच्या गव्हाचा घरचा पाव, शेंगदाण्याचे लोणी आणि फार्मवरच्या संत्र्यांचा मुरांबा असा नाष्टा असे. गांधीजींच्या त्या काळच्या फलाहारात तर केळी हा रोजचा पदार्थ होता.

याच फार्मवर चपला करण्याची विद्या आली ती एका कॅथलिक मठातून, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे. नाताळ प्रांतातील मरियनहिल येथे १८८२ साली फादर फ्रान्झ फान्नर यांनी ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ स्थापला होता. कॅलनबाख तेथे जाऊन चांभारकाम शिकले आणि त्यांनी ते गांधीजींना शिकवले. गांधीजी स्वतः त्या मठात त्याआधी, १८९५ साली, जाऊन आले होते, आणि लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या पत्रात त्यांनी त्यावर लेख लिहिला होता. मठातील मौन, श्रम आणि साधा आहार यांनी ते भारावले होतेच. पण त्यांच्या नजरेने आणखी एक गोष्ट टिपली: आफ्रिकी मुलांना मठात गोऱ्यांसारखीच वागणूक मिळत होती आणि संन्याशांच्या ताटात जे अन्न होते तेच मुलांच्याही ताटात होते. वर्णभेदाने पोखरलेल्या त्या देशात एका तरुण हिंदी वकिलाला ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. तिचा वर्ध्याच्या पंगतीशी थेट संबंध जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु अन्न एक असणे ही समतेची पहिली कसोटी आहे, हे सत्य त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले होते एवढे निश्चित.

मगनवाडी

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपला बंगला आणि बाग संघाला दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे काम पाहण्यासाठी गांधीजींनी निवडले ते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांना.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका निष्ठावंत ख्रिस्ती घरात झाला. लंडनला ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांचा व्यवसाय चांगला चालला होता. पुढे अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. भारताच्या दारिद्र्याचे मूळ सरकारच्या करपद्धतीत कसे आहे हे शोधताना ते स्वतःच बदलून गेले. १९२९ साली साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. विलायती पोशाख गेला, खादी आली, आणि पाच वर्षांनी हा हिशेबतपासनीस वर्ध्याच्या उन्हात तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि ताडगूळ यांच्या हिशेबात बुडून गेला.

संघाने आरंभीच ज्या वस्तू हाती घेतल्या त्यांत हातसडीचे तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ यांना अग्रस्थान होते. यामागचा विचार नीट समजून घेतला पाहिजे. गव्हाच्या दाण्याला बाहेरून कोंडा असतो आणि टोकाला अंकुर. जीवनसत्त्वे आणि स्निग्धांश मुख्यतः या दोहोंत असतात. अंकुरातील स्निग्धांशामुळे पूर्ण पीठ लवकर खवट होते. मोठ्या गिरणीला ते परवडत नाही, कारण तिचे पीठ दूरच्या बाजारात जायचे असते आणि महिनोन् महिने टिकायचे असते. म्हणून कोंडा आणि अंकुर काढून पांढराशुभ्र मैदा केला जातो. पीठ टिकते, पण त्यातील सत्त्व जाते. आणि सत्त्वाबरोबर दळणाऱ्याची मजुरीही गावाबाहेर जाते. कुमारप्पांनी या दोन्ही तोट्यांची बेरीज मांडली. पोषणाचा प्रश्न आणि रोजगाराचा प्रश्न एकाच जात्यात दळला जातो, हे त्यांचे म्हणणे होते.

१९३५ साली गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते आणि तेथील स्वयंपाकघर हीच त्यांची प्रयोगशाळा झाली होती. सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच, कच्च्या भाज्या असे नाना प्रयोग आश्रमवासीयांनी सोसले. धुराने स्त्रियांचे डोळे जाऊ नयेत म्हणून तेथे सुधारलेली 'मगन चूल' तयार झाली. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि ग्रामोद्योगांची ही सारी साधने लोकांना पाहावयास मिळाली.

केळ्याचा विचारही गांधीजींनी सोडला नव्हता. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्याविषयीचे जे छोटे पुस्तक लिहिले त्यात केळ्यातील पिष्टाची दखल घेऊन ते पावाची जागा घेऊ शकते असे म्हटले आहे. केळे आणि पाव यांचे नाते अमेरिकन गृहिणीने भांड्यात जोडले, तर गांधीजींनी ते आहारशास्त्रात जोडले, असे म्हणावयास हरकत नाही.

आईचे अर्थशास्त्र

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याकडे येतो. आपल्या माणसासाठी घरी पाव भाजणे, या कृतीची किंमत काय?

बाजाराच्या हिशेबात ती शून्य आहे. पगार नाही, पावती नाही, नफा नाही. बेकरीतून आणलेला पाव राष्ट्राच्या उत्पन्नात मोजला जातो. आईने भाजलेला मोजला जात नाही. कुमारप्पांनी मात्र ही मोजपट्टीच उलटी धरली. १९४२ च्या लढ्यानंतरच्या तुरुंगवासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक प्रभू येशूच्या आचारविचारांवर, दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. एकाच कोठडीत, एकाच लेखणीतून ही दोन पुस्तके उतरावीत यात आम्हांस योगायोग दिसत नाही.

दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातील व्यवहारांच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ ही पहिली. दुसऱ्याच्या आमराईवर धाड घालून काही न देता पळणारे माकड ही दुसरी. स्वतःच्या श्रमाने स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी ही तिसरी. केवळ स्वतःसाठी न राबता साऱ्या पोळ्यासाठी मध साठवणारी मधमाशी ही चौथी. आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे पिलांच्या चोचीत घास भरवणारी पक्षीण. ती मोबदला मागत नाही, आणि उद्या पिले उडून जातील याचा हिशेब ठेवत नाही. या पायरीला त्यांनी सेवेची अर्थव्यवस्था म्हटले.

म्हणजे ज्याला आपण घरकाम म्हणून क्षुल्लक समजतो, ते या ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाच्या मते मानवी व्यवहाराचे शिखर आहे. पण येथेच त्यांचा विचार आपल्याला अडचणीत टाकतो. पक्षीण फक्त आपल्याच पिलांना भरवते. माणसाने तेवढ्यावर थांबावे काय? आपल्या लेकरासाठी भाजलेला पाव गोड असतो यात नवल ते काय! कुमारप्पांना हवे होते ते हे की, आईच्या मनातील हा भाव घराचा उंबरठा ओलांडून गावापर्यंत जावा.

पंगत

वर्ध्याने हा उंबरठा ओलांडण्याचा प्रयत्न केला. जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. तेथील रसोड्यात कोणत्याही जातीच्या हाताला मज्जाव नव्हता. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. पंचहौदाच्या बिस्किटांना पन्नास वर्षेही झाली नव्हती, आणि खेड्यात तर जेवणाचा विटाळ पहिल्याइतकाच जिवंत होता.

१९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोगाने जर्जर झालेले. त्या काळी या रोगाची भीती इतकी की आप्तही जवळ येत नसत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली, आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासूनच कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली होती. कुष्ठरोग्यांना स्पर्श करणाऱ्या आणि जकातदारांबरोबर जेवणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी. सेवाग्रामचे हे पान आपण विशेष आदराने वाचले पाहिजे.

सेवाग्रामच्या नयी तालीमने तर स्वयंपाकघरालाच शाळा केले. तिची धुरा वाहिली ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या सिलोनच्या ख्रिस्ती गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नी आशादेवींनी. पुढे इंग्लंडच्या क्वेकर बाई मार्जोरी साइक्स त्यांना येऊन मिळाल्या. मुले दळत, शिजवत, वाढत, भांडी घासत, आणि त्यातूनच गणित, आरोग्य व शेती शिकत. जातीचा विचार न करता मुले एकमेकांसाठी रांधीत होती, आणि मुलगेही त्यातून सुटले नव्हते.

गोसेवेच्या चळवळीतून वर्ध्याला एक भाजलेला खाऊही मिळाला. गोरस भांडारातील गोरसपाक, गाईच्या तुपातला, खुसखुशीत. वर्ध्याहून परतणारा पाहुणा तो आपल्या माणसांसाठी हमखास बांधून नेतो. घरातील दूधदुभत्याचे गावाच्या भट्टीत चीज झाले आणि गावाचा घास परगावच्या घरी पोहोचला, इतका त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर देशाने दुसरी वाट धरली. कुमारप्पा काही काळ वर्ध्याजवळच्या सेलडोह येथे पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करीत राहिले, नंतर प्रकृतीमुळे तमिळनाडूत गेले. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, त्यांचा देहान्त झाला.

एक साधी कृती

ज्यांना हा इतिहास जिभेवर घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी वर्ध्याच्या विचाराला शोभेल अशी केळ्याच्या पावाची कृती देतो. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ.

पूर्ण पिकलेली तीन मोठी केळी हाताने कुस्करावीत. त्यांत पाऊण वाटी किसलेला गूळ, पाव वाटी तेल किंवा पातळ केलेले तूप आणि पाव वाटी आंबट दही घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. दीड वाटी कणकेत चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ मिसळून ती चाळावी. चाळणीत राहिलेला कोंडा फेकू नये, पुन्हा पिठात टाकावा. मग दोन्ही एकत्र करावे. फार घोटू नये, नाहीतर गव्हाला चिवटपणा येऊन पाव कठीण होतो. दह्याची आणि गुळाची आंबटाई लागताच सोडा काम करू लागतो, म्हणून मिश्रण ठेवून न देता लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओतावे. भट्टी १८० अंशांवर तापलेली असावी. पाऊण तास ते पन्नास मिनिटे लागतात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर देऊन, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मंद आचेवर तासभर भाजावे. सुरीचे टोक कोरडे बाहेर आले की पाव झाला. पूर्ण निवल्याशिवाय कापू नये. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो.

दुसऱ्या घरचा पाव

वर्धा जिल्हा आज चांदा धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे, आणि त्या परंपरेतील कुटुंबांत आज्ञागुरुवारी एक पाव घरीच होतो. तांदूळ आणि उडीद यांचा, न आंबवलेला, 'पेसहा अप्पम'. प्रार्थना झाल्यावर कुटुंबप्रमुख तो कापतो आणि थोरापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवतो. सोबत गूळ घातलेले नारळाचे दूध असते, आणि कित्येक घरांत केळेही. वेदीवरील भाकरीची आठवण अशी घरच्या पाटावर येते.

या प्रथेत एक नियम आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल त्या घरात हा अप्पम केला जात नाही. मग त्या घराने त्या रात्री उपाशी राहावे काय? नाही. शेजारी आणि नातलग आपल्या घरचा अप्पम त्यांना नेऊन देतात. ज्याच्या चुलीवर दुःख बसले आहे त्याच्या हातावर दुसऱ्याच्या चुलीवरचा तुकडा येतो. कुमारप्पांनी पाचव्या पायरीविषयी जे लिहिले ते या नियमात एकही ग्रंथ न वाचलेल्या आयाबायांनी सांभाळून ठेवले आहे.

ज्या भूमीत एके काळी पावाच्या तुकड्याने माणसे तुटली, त्याच भूमीत तो माणसे जोडू शकतो. त्यासाठी मोठ्या संस्था लागत नाहीत. तीन काळवंडलेली केळी पुरतात. केळ्याचा पाव आपल्या माणसासाठी अवश्य भाजावा. परंतु कापताना आणखी एक भाग करावा आणि तो अशा दारी पोहोचवावा जेथे यंदा काही भाजले गेलेले नाही. आपल्या धर्मग्रामात असे एकही दार नाही, असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात तरी नाही.